‘तोर्नामेसा’ची अक्षरं

२ मार्च २००४, मंगळवार

आज हो म्हणून बसले.

दॉन एवोदिओ दुपारी सांतो दोमिंगो चौकातल्या कमानींखालच्या आमच्या छापखान्यात आले. आमच्या पेन्योन वस्तीत त्यांना ओळखत नाही असं कुत्रंही नसेल. सोनिदो म्हणजे गल्लीत गाणी लावणारा ताफा, आणि सोनिदो रेलिकारियो त्यांचा: सोळा स्पीकर, एक ट्रक, कुंबियाच्या नाचगाण्यांच्या चार हजार तबकड्या आणि माईकवर ते स्वतः. रविवारी गल्ली अडवून ते गाणी लावतात, गाणं चालू असतानाच लोकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले निरोप वाचतात, आणि त्याच्या कॅसेट न्यूयॉर्कपर्यंत जातात, कारण आमच्या घरटी एकजण तिथे भांडी घासतो. आता त्यांना मासिक काढायचं आहे. नावही ठरलंय, ‘तोर्नामेसा’, म्हणजे ज्यावर तबकडी फिरते ते यंत्र. ते बोलणार, मी लिहिणार. कोणतं अक्षर, कोणतं पान, हे सगळं माझ्यावर. तीन अंकांची मुदत. मे महिन्यातल्या मातृदिनाच्या अंकापर्यंत मासिक उभं राहिलं तर पुढे चालेल, नाहीतर मी परत लग्नपत्रिकांकडे.

सोळा वर्षं लग्नपत्रिका लावते आहे. तीच तिरकी, नाचरी अक्षरं, तीच दोन कबुतरं. गेल्या वर्षी एका बाईची दुसऱ्या लग्नाची पत्रिका केली. पहिलीही मीच केली होती. अक्षर तेच ठेवा म्हणाली, शुभ आहे. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. हे जमलं नाही तर मी कबुतरं मोजत म्हातारी होणार, आणि मला त्याची फार भीती वाटते.

४ मार्च, गुरुवार

फुटपाथवरून दोन हजार फॉन्टची सीडी आणली. निम्म्या फॉन्टमध्ये आमच्या लिपीतला, डोक्यावर मिशीसारखी रेघ असलेला न नाही. म्हणजे पेन्योनचं मासिक, आणि त्यात पेन्योनच लिहिता येणार नाही.

कुंबियाचं अक्षर कसं असतं? ताडाची झाडं असलेले फॉन्ट पाहिले, ते हॉटेलवाल्यांसाठी. गॉथिक पाहिले, ते गोंदवून घेणाऱ्यांसाठी. गोल, फुगलेले पाहिले, ते बारशाला बरे. आमच्याकडे गाणं मुद्दाम संथ लावतात, पाय घासत नाचता यावं म्हणून. मला तसं अक्षर हवंय, घाई नसलेलं. आणि इथे मला घाईशिवाय दुसरं काही सुचत नाही.

७ मार्च, रविवार

माझा भाऊ मेल्कियादेस न्यूयॉर्कला गेल्यापासून त्याची खोली माझ्याकडे आहे. भिंतीवर ‘तोर्नामेसा’ हा शब्द एकवीस फॉन्टमध्ये चिकटवला आणि आईला बोलावलं. आई, म्हणजे कोपऱ्यावर तमाले, म्हणजे पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, विकणारी दोन्या क्लेओफास, सदुसष्ट वर्षांची, अजून कुणाही तरुणाला नाचून दमवते. मला तिचं मत हवं होतं, कारण आमचा वाचक म्हणजे तीच.

आई काय बोलली ते लिहून ठेवते. ‘ही पोटुशी आहे. ही उपाशी. ह्या सगळ्यांनी एकमेकींचे हात धरलेत, ह्या चांगल्या. ही मधली रुसलीय.’ छपाई शिकले त्या संस्थेत दोन वर्षं मास्तर डोकं फोडत होते: शब्द वाचू नका, आकार बघा, कागद उलटा धरा म्हणजे आकार दिसेल. आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. आणि आईने एक कागद हातात घेतला तो चक्क उलटाच धरला, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. हिला उपजतच नजर आहे. मी धन्य झाले.

अर्थ वाचून कसं वाटतं, असंही विचारलं. म्हणाली, चष्मा नाहीये.

१२ मार्च, शुक्रवार

ठरलं. बारीक, सरळ, कुठेही नखरा नसलेलं अक्षर. सगळी लहान लिपी, एकही मोठं अक्षर नाही. पानावर भरपूर पांढरी जागा. परदेशातली संगीत मासिकं अशीच दिसतात. कुंबियाला गल्लीतली म्हणून हिणवणाऱ्यांनी हा अंक हातात घेतला पाहिजे.

सगळ्या सोनिदोंची नावंही ह्याच अक्षरात, एकाखाली एक. आई दुपारी तमालेची केळीची पानं आणायला निघाली होती. तिला म्हटलं, कांदेलारियाच्या बाजारात कागदवाल्याकडेही जाऊन ये, दुकानाचं नाव लिहून दिलं. तिने कागद घडी करून ठेवला आणि विचारलं, ‘बदकाच्या स्टेशनवर उतरल्यावर उजवीकडे की डावीकडे, आणि दारात काय टांगलंय?’ मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर नावाशेजारी एक चित्र असतं, आणि माझी आई आयुष्यात स्टेशनचं नाव घेणार नाही. बदक, टोळ, बेडूक. लहान मुलासारखं. मला हसू आलं.

२१ मार्च, रविवार

हजार प्रती. एकशे चाळीस खपल्या, त्यातल्या वीस मी माझ्याच ओळखीच्यांच्या गळ्यात मारल्या.

नाच सुरू होण्याआधीच टेबल लावून उभी होते. लोक येत, बघत, पुढे जात. एका बाईने विचारलं, ‘हे दवाखान्याचं आहे का? लसीचं?’ एक म्हातारा अंक उघडून सोनिदोंच्या यादीवरून बोट फिरवत राहिला आणि शेवटी म्हणाला, ह्यात आपला रेलिकारियो नाही वाटतं. तिसऱ्याच ओळीवर होता. ठळक करायला हवा होता का? पण मग यादीचा तोल गेला असता.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते आईचं. ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली, माझा जेवणाचा डबा ठेवला, अंकांच्या गठ्ठ्यावरच हात टेकला, आणि नाचायला निघून गेली. घरी आल्यावर म्हणते, ‘तुझं मासिक कुठे होतं गं? मला कुणी दाखवलंच नाही.’ तिच्या हाताखाली होतं. रागाने मी जेवले नाही.

२३ मार्च, मंगळवार

दॉन एवोदिओ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंक मांडीवर ठेवला आणि विचारलं, ‘मुली, हे कुणासाठी आहे?’

मी म्हटलं, तरुणांसाठी, शिकलेल्यांसाठी, म्हणजे आपल्याला कुणी कमी लेखणार नाही.

‘म्हणजे जे आपल्या नाचाला कधी आले नाहीत त्यांच्यासाठी,’ ते म्हणाले. ‘आणि आपल्या लोकांनी काय करायचं?’

मी वाद घातला. अर्धा तास. हरले आहे हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं, पण तोंड थांबेना. त्यांची एक गोष्ट मात्र वहीत उतरवून घेतली. म्हणाले, नाचाला आलेला माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट ऐकतो, आपला निरोप वाचला गेला का. मासिक उघडणारा माणूस दुसरं काय शोधणार? पुढच्या अंकात निरोपांची पानं हवीत.

२८ मार्च, रविवार

आज दोन गोष्टी झाल्या.

पहिली. चार सोनिदो एकाच गल्लीत, स्पीकरच्या चार भिंती. आम्ही कोपऱ्यावरून वळलो, अजून आवाजही नीट येत नव्हता, तोच आई म्हणाली, ‘रेलिकारियो डाव्या हाताला.’ मी नीट पाहिलं. स्पीकरवर पेंटर हिलारियोने वीस वर्षांपूर्वी रंगवलेलं नाव: पहिल्या अक्षराला सापासारखी शेपूट, आणि शेवटच्या गोलाच्या जागी लाल बदाम. बाकीच्यांचंही तसंच, एकाचं नाव विजेचं, एकाचं आगीचं. हे आमचे फॉन्ट! दोन हजारांच्या सीडीत मी काय शोधत होते? प्रत्येक सोनिदोला त्याचं स्वतःचं अक्षर आहे आणि वस्तीतलं शेंबडं पोरही ते लांबून ओळखतं. मी सगळ्यांना एकच गणवेश घालून हजेरीला उभं केलं होतं.

दुसरी. वाचून झालेल्या चिठ्ठ्या मी बुटाच्या खोक्यात जमवते आहे, निरोपांच्या पानांसाठी. दोनशे सतरा चिठ्ठ्या. वहीचे कागद, बसची तिकिटं, एक तर लंगोटाच्या पुठ्ठ्यावर. आईची चिठ्ठी वासावरून ओळखली, तमाले गुंडाळायचा तपकिरी कागद. उघडली तर कोरी. दुसरी बाजूही कोरी. दॉन एवोदिओंनी तर माईकवर मोठ्याने वाचलं होतं, ‘ब्रुकलिनच्या मेल्कियादेसला, त्याच्या आईकडून, पेन्योनची नाचणारी राणी दोन्या क्लेओफासकडून!’ मी तिथेच उभी होते. आईने गडबडीत चुकीचा कागद दिला असणार, आणि त्यांना दर रविवारचा निरोप पाठच असणार. कोरा कागद काय लावणार? बाजूला ठेवला.

१८ एप्रिल, रविवार

सातशे नव्वद!

मुखपृष्ठावर हिलारियोच्या हातची नावं, स्पीकरवरून फोटो काढून जशीच्या तशी. ‘तोर्नामेसा’ही त्याच्याकडूनच रंगवून घेतलं. लोक लांबून बोट दाखवत येत होते. आई तर टेबलाशी न थांबता थेट गठ्ठ्यातून अंक उचलून मिरवायला निघाली, ‘हा बघा बदाम, हा रेलिकारियो, माझ्या मुलीचा आहे.’ मला रडू आलं, मी स्पीकरमागे जाऊन नाक पुसलं.

फक्त निरोपांचं पान मनासारखं नाही. दोनशेच्या वर नावं, आठ पॉइंटच्या बारीक अक्षरात कोंबली. संध्याकाळी आई ते पान मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हा लक्षात आलं: तिचा निरोप तर त्यात नाहीच! मी विसरलेच होते. कसं सांगावं म्हणून समोर उभी राहिले. ती पानावरून हात फिरवत म्हणाली, ‘छान आलाय माझा.’

किती मोठं मन. माझी चूक दिसली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली.

२२ एप्रिल, गुरुवार

दॉन एवोदिओ खूष आहेत, पण सावध. दहा मेचा अंक ह्याच्याही वर गेला पाहिजे, तेव्हा पुढचं बोलू. सगळा अंक आयांच्या नावे. निरोप मोठ्या अक्षरात, पानामागे पंचवीसच, पानं वाढवायची. मी चौदा पॉइंटचं, जाड, मोकळं अक्षर लावून पाहिलं, कागद भिंतीला लावून खोलीच्या टोकापासून वाचलं. वाचता येतं. आईला विचारलं, तुला इथून दिसतं का? ती म्हणाली, दिसतं की. काय दिसतं विचारलं तर म्हणाली, ‘भात पसरल्यासारखं.’ पुन्हा आकार! मी तिला म्हटलं, तू संस्थेत शिकवायला हवं होतंस. ती हसली नाही.

२७ एप्रिल, मंगळवार

काय लिहू.

नव्या चिठ्ठ्या घ्यायला दॉन एवोदिओंकडे गेले. खोक्यात पुन्हा तपकिरी कागद, पुन्हा कोरा. मी हसत म्हटलं, आईचं वय झालं, दर वेळी कागद चुकतो. ते तबकडी पुसत होते. पुसायचे थांबले.

‘तुला खरंच माहीत नाही?’ त्यांनी विचारलं.

मग म्हणाले, ‘पंधरा वर्षं ती मला कोरा कागद देते, लुला. नीट घडी घालून, सगळ्यांसारखा, रांगेत उभी राहून. मी उघडतो आणि वाचतो. तबकड्यांच्या दुकानातही ती तबकडी चित्रावरून, रंगावरून ओळखते. मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू तिची लाज राखतेस.’

सगळ्या गल्लीला ठाऊक असणार. कागदवाल्याला, हिलारियोला, बाजारातल्या प्रत्येक बाईला. एक मी सोडून. मी, जी अक्षरं निवडते. चष्मा नाहीये. हात पिठाचे आहेत, तूच वाच. बदकाचं स्टेशन. उलटा कागद, आणि मी धन्य झाले होते.

२८ एप्रिल, बुधवार

बधिर. छापखान्यात एका पत्रिकेवर नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव लावलं.

१ मे, शनिवार

आईशी नीट बोलता येत नाही. ती विचारते, भांडण झालं का कुणाशी? मी म्हणते, काम आहे. तिच्याकडे बघितलं की मला तिचा राग येतो, मग स्वतःचा, मग पुन्हा तिचा. एवढी वर्षं एका भिंतीआड राहतो आम्ही. मी तिला शिकवलं नसतं का? आणि मग आठवतं की मी तिला स्टेशनच्या नावावरून हसते.

मेच्या अंकात तिचा निरोप हवाच. दॉन एवोदिओंना विचारलं, तुम्ही काय वाचता ते सांगा, तेच लावते. ते म्हणाले, माईकवर ते त्यांचं बोलणं असतं, तिचं नव्हे. ‘माझं बोलणं हवेत जातं. तू छापशील ते राहील. ते तिचंच हवं.’

तरीही मी आज एक मजकूर रचला. माझ्या प्रिय पुत्रास, तुझ्या आठवणीत दिवस मोजणाऱ्या आईकडून. सुंदर तिरक्या अक्षरात लावला. दिसायला देखणा आहे. आणि मग अंगावर काटा आला: मी इथे काहीही छापलं तरी तिला कळणार नाही. ती हात फिरवून म्हणेल, छान आलाय माझा. मजकूर पुसून टाकला.

६ मे, गुरुवार

उद्या अंक छापायला जायचा. एक जागा रिकामी. काल पाच मेचा सण, वस्तीत दरवर्षी होतं ते जुन्या लढाईचं सोंग, दिवसभर बंदुकांचा धूर, कशाला सवड नव्हती. खरं म्हणजे मीच सवड काढली नाही.

आज सकाळी तमालेची गाडी लावण्याआधी आई मक्याची पानं भिजत घालत होती. मी वही घेऊन समोर बसले आणि म्हटलं, ‘आई, मेल्कियादेसला काय सांगायचंय ते तू बोल. मी लिहिते.’

तिचे हात पाण्यातच राहिले. म्हणाली, ‘चिठ्ठी देईन की रविवारी.’

‘चिठ्ठी नको. बोल.’

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं. तिचा चेहरा असा पडला की मला वही फेकून द्यावीशी वाटली. ‘कधी कळलं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, नऊ दिवसांपूर्वी. ‘एवोदिओच्या तोंडात तीळ भिजत नाही,’ ती म्हणाली. मग बराच वेळ एकेक पान निथळून ठेवत राहिली.

‘तू छापखान्यात लागलीस ना, तेव्हाच सांगणार होते,’ ती म्हणाली. ‘पण तू पहिली पत्रिका घेऊन आलीस, माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, आई, चूक आहे का बघ. मी बघितली. नाही म्हटलं. आता त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू?’

मी तिच्या ओल्या हातावर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, पुरे, पीठ खारट होईल. मग पाठ ताठ करून, माईकसमोर उभं राहिल्यासारखं बोलली, आणि मी शब्दाला शब्द लिहिलं:

‘मेल्कियादेस, पेन्योनची क्लेओफास बोलतेय. तुझी खोली मी लुलाला दिली. ती भिंतीला कागद चिकटवते, रंग गेला आहे, तू आलास तर ओरडू नकोस. पण ये. फोनवर येतो येतो म्हणतोस ते मी मोजत नाही. माझे गुडघे अजून चांगले आहेत, एक कुंबिया तुझ्याबरोबर नाचायची राहिली आहे. उशीर केलास तर लुलाबरोबर नाचीन, आणि ती माझे पाय तुडवते.’

मी तिरकं अक्षर काढून टाकलं. सगळ्यांचं आहे तेच चौदा पॉइंटचं लावलं, जाड आणि मोकळं. कॉलममध्ये सगळ्यात लांब निरोप तोच आहे. कापायला जागा मिळाली नाही, शोधलीही नाही.

१० मे, सोमवार

अंक दुपारी चारलाच संपला. दॉन एवोदिओंनी माईकवरून सांगितलं की जूनचा अंक निघणार, आणि ज्याला ह्यावेळी मिळाला नाही त्याने लुलाच्या नावाने खडे फोडावेत. लोकांनी फोडलेही. मी छापखान्यात उद्या राजीनामा देणार आहे. दिवसभर ह्याच वाक्याची वाट बघत होते, आणि आता लिहिताना ते दुसऱ्याच कुणाचं वाटतंय.

कारण मला लिहायचंय ते सकाळचं. फूल आणि अंक घेऊन आईकडे गेले. ती खुर्चीत बसली होती, सणाचा हिरवा झगा घालून. मी निरोपांचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. ह्यावेळी तिने हात फिरवला नाही. नीट बघितलं, कितीतरी वेळ, आणि विचारलं, ‘ह्यात माझा मुलगा कुठेय?’

मी तिचं बोट धरून त्याच्या नावावर ठेवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवलं. ती परत मागे गेली, पुन्हा सरकवलं, ह्यावेळी एकटीने.

‘अगं बाई,’ ती म्हणाली, ‘केवढं लांब नाव आहे. माहीत असतं तर छोटं ठेवलं असतं.’